मुक्तता आणि मालकी : ‘लोहित’ फॉन्टच्या परवान्याची चिकित्सा

महात्मा गांधींनी १९१० मध्ये ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यावर कोणतेही हक्क राखीव नसल्याचे नमूद केले होते. पुढे सेवाग्राम ही त्यांची कर्मभूमी झाल्यानंतर, १९४० मध्ये, त्यांनीच आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपविले. या दोन कृतींत वरवर विसंगती भासते. वस्तुतः हक्काचा त्याग करणे आणि हक्क हाती ठेवून त्याच्या वापराला अटी घालणे, हे दोन भिन्न मार्ग होत. ओपन सोर्स परवाना या दुसऱ्या मार्गाने जातो. मराठीतील चर्चेत मात्र ‘मुक्त’ म्हणजे ‘बेवारस’, किंबहुना ‘फुकट’, असाच अर्थ रूढ झालेला दिसतो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतीतच करतो. त्यामुळे परवान्याच्या अटी मोडणारा विकासक नियमभंग करतो एवढेच नव्हे, तर त्याची वापराची परवानगीच धोक्यात येते. जनरल पब्लिक लायसन्स (जीपीएल) विक्रीस मनाई करीत नाही. वितरित प्रतीसोबत सोर्स कोड उपलब्ध करणे आणि त्यावर आधारलेली आज्ञावली वितरित करताना तीही त्याच परवान्याखाली देणे, ही त्याची अट आहे. व्यावसायिकाची खरी अडचण येथे सुरू होते.

देवनागरीच्या संदर्भात ‘लोहित’ फॉन्टचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘श्री-लिपी’ या व्यावसायिक उत्पादनामुळे परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्यूलर इन्फोटेककडून आलेले हे फॉन्ट रेड हॅटने जीपीएलखाली खुले केले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स करण्यात आला. जीपीएलची रचना आज्ञावलीसाठी झालेली; अक्षर मात्र पीडीएफमध्ये अंतर्भूत होऊन ग्रंथाचाच भाग बनते. मग त्या ग्रंथालाही जीपीएल लागू होतो काय? ही शंका निवारण्यासाठी जीपीएलखालील फॉन्टना स्वतंत्र अपवाद-कलम जोडण्याची पद्धत पडली. नव्या परवान्याने फॉन्ट वापरून तयार केलेले दस्तऐवज स्पष्टपणे अटींबाहेर ठेवले. मराठी हिशेबाची आज्ञावली विकणाऱ्याला आता ‘लोहित’ सोबत देता येतो, आणि त्याची स्वतःची आज्ञावली खुली करण्याचे बंधन येत नाही. फॉन्टमध्ये बदल केल्यास तो बदललेला फॉन्ट मात्र याच परवान्याखाली द्यावा लागतो.

तथापि हा परवानाही निर्दोष नाही. फॉन्ट स्वतंत्रपणे विकू नये, अशी त्याची अट आहे; परंतु एखादी क्षुल्लक आज्ञावली जोडून तो विकल्यास अटीचा भंग होत नाही. अशा नाममात्र अटीने अक्षररेखकाच्या श्रमांचे कोणते रक्षण होते? देवनागरीतील जोडाक्षरे रेखाटण्याचे काम चिकाटीचे व वेळखाऊ असते. रेड हॅटसारखी कंपनी सेवा व साहाय्य विकून उत्पन्न मिळवीत असल्याने अक्षरे खुली करणे तिला परवडले. वर्ध्यासारख्या ठिकाणी दोन-तीन माणसांच्या बळावर चालणाऱ्या व्यवसायाला हा आधार नाही. त्याने स्वतःचा फॉन्ट खुला केल्यास उत्पन्न अन्य कामांतूनच उभे करावे लागेल : ग्रंथांची मांडणी, प्रशिक्षण किंवा जुन्या फॉन्टमधील प्रबंधांचे युनिकोडमध्ये रूपांतर. यांपैकी शेवटच्या कामाची गरज महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना आहे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद क्वचितच केली जाते.