‘जन्य’ आणि ‘संबद्ध’ : एका वैद्यकीय संज्ञेचा विचार

इ. स. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल ज्या भागांत प्रथम लागली, त्यांत अमरावती व अकोला हे जिल्हे होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी झाली. त्या काळात ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द वऱ्हाडात घरोघरी पोहोचला. ‘रोग्याला व्हेंटिलेटरवर टाकले’ या वाक्यातील क्रियापद विचारणीय आहे. ‘वाऱ्यावर टाकणे’, ‘टाकून देणे’ यांतील परित्यागाची छटा त्यास चिकटलेली असल्याने जगविण्यासाठी योजिलेला उपाय ऐकणाऱ्यास शेवटच वाटतो.

याहून गंभीर दोष ‘व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया’ अशा अनुवादात संभवतो. श्वासनलिकेत नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर उद्भवणारा न्यूमोनिया येथे अभिप्रेत आहे. ‘जन्य’ हे पद यंत्रास जनक ठरविते. वस्तुतः नळीमुळे खोकण्याची क्रिया दुबळी होते आणि घशातील जंतुयुक्त स्राव नळीच्या फुग्याभोवतून झिरपत फुप्फुसांत उतरतो. म्हणूनच उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, मुखाची स्वच्छता राखणे, गुंगीचे औषध बेताने देणे व नळी शक्य तितक्या लवकर काढणे हे प्रतिबंधक उपाय होत. ‘संबद्ध’ हे पद संबंध सांगते, कारणाचा निवाडा करीत नाही. मूळ इंग्रजी संज्ञेची मर्यादाही तीच आहे.

संज्ञा चुकली की दोष यंत्राच्या माथी जातो आणि नळीची निगा दृष्टिआड होते. परिभाषा ही केवळ कोशाची सोय नव्हे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या आप्तास संमती द्यावयाची असते, ती याच शब्दांच्या आधारे.