चीफ ओनीलची चाल

आयरिश लोकसंगीतात 'हॉर्नपाइप' हा नृत्याच्या चालींचा एक प्रकार आहे. त्याची गती रीलपेक्षा संथ. त्यातील स्वर जोडीजोडीने लांब-आखूड असे डुलत येतात. त्यांपैकी 'चीफ ओनील्स फेव्हरिट' या चालीची छापील लेखने व ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या असता स्वरलिपीचे सामर्थ्य आणि तिची लबाडी या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात.

हा ओनील म्हणजे शिकागोचा पोलीसप्रमुख. फ्रान्सिस ओनील १८४८ साली कॉर्क परगण्यात जन्मला आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या महानगराच्या पोलीस दलाचा प्रमुख होता. परमुलखात नोकरी करीत त्याने मायदेशाच्या चाली जमविल्या. आमच्या वाचकांना ही हौस अनोळखी वाटू नये. त्याच्या १९०३ च्या संग्रहात १८५० व १९०७ च्या संग्रहात १००१ चाली आहेत. गंमत अशी की, त्याला स्वरलेखन येत नसे. तो बासरी वाजवी, चाली स्मरणात ठेवी, आणि त्याच दलातील त्याचा आडनावबंधू जेम्स ओनील त्या कागदावर उतरवी. म्हणजे वादकाची चाल एकाच्या स्मृतीतून व दुसऱ्याच्या कानातून छापखान्यात पोचली.

लेखनिकाला निवड करावीच लागते. डुलती जोडी तो समान तरी लिहितो, नाहीतर तीनास एक या प्रमाणात. वादन बहुधा या दोहोंच्या मधे राहते. स्वरांचेही तेच. डी हा षड्ज धरला, तर बहुतेक लेखनांत या चालीच्या दुसऱ्या भागात गंधार उतरतो. पण फिडलवर व पाइप्सवर असा स्वर कित्येकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच लागतो, आणि पाच रेघांत त्याला जागा नाही. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींसाठी केवढा खटाटोप केला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको.

ब्रेंडन ब्रॅनाक हाही सरकारी नोकर, डब्लिनच्या शेतकी खात्यातला. त्याने १९६३ साली काढलेल्या संग्रहात चाल कोणाच्या वादनावरून घेतली ते नावानिशी नोंदविले. माझ्या मते ओनीलच्या थोर उद्योगापेक्षा ही शिस्त अधिक मोलाची. तथापि आयरिश वादकांनी 'द बुक' ही पदवी दिली ती ओनीलच्याच १९०७ च्या ग्रंथाला.

खरा घोटाळा येथेच आहे. पुढच्या पिढ्यांनी त्या ग्रंथावरून चाली बसविल्या आणि त्याच मुद्रित केल्या. आता तबकडी ग्रंथाशी जुळली की अभ्यासकास वाटते, पुरावा मिळाला; वास्तविक ग्रंथच स्वतःची साक्ष देत असतो. तेव्हा वादक कोणाकडे शिकला, हे आधी विचारावे. ओनीलने फोनोग्राफवरही वादकांना उतरविले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, शिकागोतील तशा मेणाच्या काही नळ्या २००३ साली मिलवॉकी येथे सापडल्या. त्यांत खरखर फार आहे, पण ते वादक 'द बुक' वाचून शिकलेले नव्हते.