नदीचे वर्णन : कोलोरॅडो आणि कुकडी

आमच्या धर्मग्रामातील काही तरुण निघोजला जाऊन आले आणि त्यांनी आपली प्रवासवर्णने माझ्याकडे वाचावयास दिली. प्रत्येकात ‘निसर्गाचा चमत्कार’ होता. एकाने तर ‘महाराष्ट्राचे ग्रँड कॅन्यन’ असेही म्हटले होते. कुकडी नदी मात्र कोठेच नव्हती. दोष केवळ मुलांचा नाही. नदी दिसली की आपल्या ललित गद्याला विशेषणांची भरती येते.

तुलना करावयाचीच तर जॉन वेस्ली पॉवेलचे पुस्तक उघडावे. मेथॉडिस्ट उपदेशकाचा हा पुत्र. १८६२ साली शायलोच्या लढाईत त्याने उजवा हात गमावला. २४ मे १८६९ रोजी दहा माणसे व चार होड्या निघाल्या. ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी सहा माणसे व दोन होड्या पोहोचल्या. कोलोरॅडोची ती घळई सुमारे १.६ किलोमीटर खोल आहे, पण पॉवेल आकड्यांनी दिपवीत नाही. पीठ किती उरले, होडी दोराने कशी उतरवली, हे तो सांगतो आणि खोली आपोआप जाणवते. २८ ऑगस्टला तिघे साथ सोडून गेले व पुढे मारले गेले. त्यांना तो भेकड ठरवीत नाही. दोन्ही गटांना दुसऱ्याचीच वाट धोक्याची वाटत होती, एवढेच तो नोंदवितो.

तरीही माझा एक आक्षेप आहे. १८७५ च्या या ग्रंथात १८७१-७२ च्या दुसऱ्या सफरीतील अनुभवही १८६९ चेच म्हणून आले आहेत आणि त्या सफरीतील सोबत्यांची नावेच नाहीत. त्यांच्यातील डेलेनबॉ या तरुणाने १९०८ साली स्वतःचे पुस्तक लिहिले, तेव्हा ती सफर वाचकांपुढे आली. कथेच्या बांधेसूदपणासाठी लेखकाला एवढी मोकळीक असावी, असे काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. ज्याने वल्ही मारली त्याचे नाव गाळून मिळविलेला बांधेसूदपणा महाग पडतो.

आता कुकडी. जुन्नर तालुक्यात कुकडेश्वरापाशी उगम पावून ती पारनेरच्या अवर्षणप्रवण मुलुखाकडे येते. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि काळ्या बसाल्टात खळगे कोरले गेले. त्यांना ‘रांजणखळगे’ हे नाव देणाऱ्याला मी खरा लेखक मानतो. टंचाईच्या मुलुखात खडकाला पडलेल्या खड्ड्यात त्याने पाण्याचे भांडे पाहिले. आज वर माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत, शेतकरी कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतो. मुलांच्या लेखांत हेही नाही.

आपल्या सूर्या नदीचे नेमके उलट झाले आहे. धामणीच्या पाण्याविषयी वाचावे तर दशलक्ष लिटरच तेवढे. काठ नाही, काठचा माणूस नाही.

लेख मी परत दिले. एकाने पुन्हा लिहून आणला. त्यात कोरड्या रांजणाच्या तळाशी पडलेला एक गुळगुळीत गोटा होता, आणि तो हातात घेऊन पुन्हा तेथेच ठेवल्याची नोंद.