गोळी मिळेपर्यंत जगायला हवं ना!

सीओपीडीच्या पेशंटमध्ये हृदयाचे ठोके बिघडणं नवीन नाही. रक्तात ऑक्सिजन कमी, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण, त्यात श्वासनलिका मोकळ्या करणारी काही औषधं ठोके वाढवणारी. एट्रियल फिब्रिलेशन असेल किंवा बसल्याजागी नाडी वेगानं चालत असेल, तर मृत्यूचा धोका जास्त, हेही दिसलंय. मग नाडी मंदावणारं बीटा-ब्लॉकर दिलं की माणूस जास्त जगेल, नाही का?

स्कॉटलंडमधल्या टेसाइडचा अभ्यास (बीएमजे, २०११) 'हो' म्हणतो. ५,९७७ रुग्ण, बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका २२ टक्के कमी. एमएस्सीच्या सेमिनारला मी हाच पेपर घेतला होता, आणि आकड्यावर भाळून मेथड्सचं पान सरळ उलटलं होतं!

आता एक कल्पित उदाहरण बघा. दोघांचं निदान जानेवारीत झालं. एक मार्चमध्ये गेला. दुसऱ्याला सप्टेंबरमध्ये गोळी सुरू झाली. पहिला 'गोळी न घेणारा' ठरतो. दुसऱ्याचे गोळीआधीचे आठ महिनेही गोळीच्या खात्यात टाकले, तर गोळीला फुकटचं श्रेय मिळतं. कारण त्या काळात तो मेला असता तर या गटात आलाच नसता. याला 'अमर काळाचा दोष' म्हणू. सुइसा आणि अर्न्स्ट यांनी २०१८ मध्ये अशा निरीक्षणात्मक अभ्यासांची तपासणी केली, तेव्हा मुख्य आक्षेपांत हा होता. शिवाय फुफ्फुसं फारच खराब असली की डॉक्टर बीटा-ब्लॉकर द्यायला कचरतात, म्हणजे दोन गट मुळातच सारखे नाहीत.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'ब्लॉक सीओपीडी' ट्रायलनं चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. ५३२ रुग्ण, मेटोप्रोलॉल विरुद्ध प्लासिबो. आजार पहिल्यांदा उसळेपर्यंतचा मध्यक २०२ विरुद्ध २२२ दिवस, म्हणजे फायदा नाहीच. दवाखान्यात भरती करावी लागेल इतका त्रास मेटोप्रोलॉल गटात जास्त, मृत्यू ११ विरुद्ध ५. ट्रायल मुदतीआधी थांबवली.

पण इथेही घाई नको हं. ११ आणि ५ हे आकडे फार छोटे आहेत, आणि ट्रायलचा मुख्य प्रश्न आजार उसळण्याचा होता, जगण्याचा नव्हे. ज्यांना हृदयासाठी बीटा-ब्लॉकरची ठाम गरज होती त्यांना वगळलं होतं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला सीओपीडीचा पेशंट या ट्रायलमध्ये घेतलेलाच नव्हता.