शाळेच्या रंगमंचावरील मातीची गाडी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चें नांव नायकावरून पडलेलें नाहीं, नायिकेवरूनही नाहीं, तें एका खेळण्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो. वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत भरते. आणि पुढें तेच दागिने चारुदत्ताला वधस्थानापर्यंत नेतात. रंगमंचावरील एखादी वस्तु कथेचा किती भार वाहूं शकते, याचें याहून चांगलें उदाहरण दाखविणें कठीण. शाळांच्या स्नेहसंमेलनांतील नेपथ्याचा विचार करूं लागलें म्हणजे हीच गाडी आठवते. कारण तेथें आपण सारे सोन्याच्या गाडीसाठीं हटून बसलेले दिसतों.

ती सोन्याची गाडी म्हणजे भाड्याचा मंच आणि त्यामागें ताणलेला छापील फ्लेक्सचा राजवाडा. त्याच्यापुढें शिवराय येतात, परी येते, कर्जबाजारी शेतकरीही येतो! पडदा वाईट छापलेला असतो असें नव्हे. पण चितारलेली पायरी चढतां येत नाहीं आणि चितारलेल्या झाडामागें लपतां येत नाहीं. म्हणून मुलें ध्वनिक्षेपकापुढें रांगेनें उभीं राहतात आणि नाटकाचें पाठांतर होतें.

हा पडदा आला कोठून? १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां देखाव्याचा फारसा पसारा नव्हता. पुढें संगीत नाटकांच्या वैभवकाळांत कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारांनीं पडदे रंगविले. ती स्वतंत्र कलाच होती. १९३३ मध्यें ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानें मंचावर खरीखुरी वाटणारी खोली उभी केली, तर १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’नें माणसांच्या रांगेचीच भिंत करून दाखविली. एवढ्या वारशांतून शाळांनीं उचलला तो पडदा, आणि तोही चित्रकाराला वगळून.

याहून जुना मार्गदर्शक आपल्याजवळ आहे. भरतानें ‘नाट्यशास्त्रां’त आहार्य अभिनयाच्या प्रकरणांत ‘पुस्त’ म्हणजे बनविलेल्या रंगवस्तूंचे प्रकार सांगितले आहेत. चटया, कातडें, कापड जोडून केलेले, यंत्रानें हालणारे आणि गुंडाळून साधलेले. जड वस्तूंनीं नट थकतो, म्हणून शस्त्रें बांबूच्या कामट्या, लाख अशा हलक्या द्रव्यांचीं करावीं, असा त्याचा आग्रह आहे. दहा वर्षांच्या मावळ्याच्या हातीं पत्र्याची तलवार देणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें सोनाळा घ्या. शेजारीं अंबाबरव्याचें अभयारण्य असल्यानें रानांतून कांहीं तोडण्याचा प्रश्नच नाहीं. पण शेतांत आणि घरांत काय उणें आहे? बांधावरचा बांबू, वेचणीनंतरची पऱ्हाटी, रिकामें बारदान, गेरू, खळ. चार फूट रुंद, सहा फूट उंच अशा बांबूच्या दोन चौकटींवर बारदान ताणून मध्यें बिजागरी लावली, कीं ती उभी राहते. एका बाजूस झोपडी, फिरविली कीं दुसऱ्या बाजूस वाडा. कागदाच्या लगद्यांत मेथीची पूड घातली तर मुखवट्याला बळकटी येते. रेघा मात्र जाड हव्यात, शेवटच्या रांगेंतल्या आजीला नाजूक नक्षी दिसत नाहीं. (वाळलेली पऱ्हाटी विजेच्या दिव्यापासून दूर ठेवावी, हें सांगितलेलें बरें.) वऱ्हाडांतल्या मुली भुलाबाईसाठीं ज्वारीच्या धांड्यांचें मखर उभारीत आल्या आहेत, त्यांना रचना नव्यानें शिकवावी लागणार नाहीं.

शिक्षकांना वेळ नाहीं, पालकांना छायाचित्र झगमगीत हवें, हे आक्षेप खरे आहेत. वर्गणी काढून पडदा आणणें सोपें, हेंही खरें. पण त्या सोपेपणाची किंमत कोण देतो? ज्याला चार वाक्यें बोलतांना घाम फुटतो, परंतु ज्याची गांठ कधीं सुटत नाहीं, असा एक मुलगा प्रत्येक वर्गांत असतो. भाड्याच्या पडद्यानें त्याची भूमिका काढून घेतली आहे. त्यानें बांधलेल्या दारांतून राजा वांकून आंत शिरला, तर त्या वांकण्यांत नटाइतकाच त्याचाही अभिनय आहे. आंतरशालेय स्पर्धांत नेपथ्याला गुण देतांना परीक्षकांनीं एवढें विचारावें: हें कोणीं केलें, आणि याच्यामुळें नटाला काय करतां आलें?

खेळ संपल्यावर चौकटी सोडून बांबू पुढच्या वर्षासाठीं उभे ठेवावे, बारदान धुवावें, आणि रंग न लागलेले धांडे खुशाल गुरांपुढें टाकावे.