'वेगवान कॅमेरा' ही उपमा कुठे तोकडी पडते

मंडळी, अहमद झेवेल यांना १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्या तंत्राला 'जगातला सर्वांत वेगवान कॅमेरा' म्हटलं गेलं. २०२३ला ॲटोसेकंद स्पंदांना नोबेल मिळालं, तरी आम्ही व्याख्याते तीच उपमा चालवतोय. उपमा सोपी आहे, पण नॅनो आकाराच्या प्रकाशविज्ञानात ती फसवते, असं माझं म्हणणं.

कॅमेरा समोरच्या वस्तूला हात लावत नाही. इथे लेझरचा पहिला स्पंद इलेक्ट्रॉनांना टपली मारतो. दुसरा जरा उशिरा येऊन काय झालं ते विचारतो. हा उशीर घड्याळाने मोजत नाहीत बरं का, आरसा सरकवतात! फेम्टोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो, म्हणजे आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन एक फेम्टोसेकंद उशीर. आणि हे हजारो वेळा करून सरासरी काढायची. त्याला फोटो कसं म्हणायचं?

गोंदियात राईस मिलमधलं सॉर्टेक्स मशीन आपण पाहिलंय. कॅमेरा काळा दाणा हेरतो, मग हवेचा झोत तो उडवतो. आधी बघणं, मग करणं. इथे क्रम नेमका उलटा.

आता नॅनोकडे या. भिंगाने प्रकाश त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान ठिपक्यात गोळा होत नाही. चांदी-सोन्याच्या नॅनोकणांत मात्र इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि कणाच्या टोकाशी प्रकाश एकवटतो. हे झुलणं काही फेम्टोसेकंदांतच विझतं, म्हणून स्पंदही तेवढेच छोटे लागतात. २००७मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका जर्मन प्रयोगात स्पंदाचं ध्रुवीकरण आतल्या आत बदलत नेलं, तर चांदीच्या रचनेवर प्रकाश एकवटण्याची जागाच बदलली. हे बघणं नव्हे, हाकणं आहे.

आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं २००३चं काम घ्या. तांब्यावर तांब्याच्याच नॅनोकणांचा थर, त्यावर १०० फेम्टोसेकंदांचे स्पंद. क्ष-किरण १३ पट वाढले. लेझर तोच, कमाल पृष्ठभागाची! कॅमेऱ्याच्या उपमेत ही कमाल बसतच नाही. उलट इथल्या पोराला वाटतं, महागडं यंत्र म्हणजेच विज्ञान. पृष्ठभाग कसा घडवावा हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मी असतो तर झोपाळा घेतला असता. योग्य वेळी ढकललं की झोका चढतो, अवेळी ढकललं की अडतो. त्यात जागा किती लहान, हे मात्र येत नाही. ते वेगळं सांगावं लागेल.