फलकावरचे अवतार

कोणत्याहि कलेची योग्यता तिच्या उत्तम कृतींवरून ठरवावी, हा टीकेचा नियम आम्हांस मान्य आहे. परंतु जी कला चौकाचौकांत, विजेच्या खांबांवर आणि घरोघरच्या भिंतींवर येऊन बसली आहे, तिच्या बाबतींत उत्तम कृतींची वाट पाहत बसणें म्हणजे टीकाकारानें आपलें काम टाळणेंच होय. संगणकावर छायाचित्रें कापून, जोडून, रंगवून माणसाची नवी प्रतिमा घडविण्याची कला ही अशांपैकीं एक आहे. जालना शहरांत वाढदिवसाचे, निवडीचे, नवरात्राचे आणि श्रद्धांजलीचे फलक पाहत आम्ही कित्येक वर्षें जात-येत आहों. २०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले. पण फलक कोठें असावा, एवढाच तो प्रश्न. तो कसा असावा, हा प्रश्न टीकेचा आहे आणि तो कोणीं फारसा विचारलेला नाहीं.

अशा प्रतिमेस हल्लीं ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच, पण परदेश हिंडून आलेला. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेंतील संगणकीय खेळांत खेळणाऱ्याच्या प्रतिरूपास हें नांव पडलें आणि नील स्टीव्हनसन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या १९९२ च्या कादंबरीनें तें सर्वतोमुखीं केलें. मूळ अर्थ खालीं उतरणें असा आहे. देव वैकुंठ सोडून माशाच्या, वराहाच्या, गुराख्याच्या देहांत उतरतो, तेव्हां तो अवतार. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत कागदांवर घरोघर उतरल्या, तेंहि अवतरणच. आमच्या फलकांवर मात्र प्रवास उलट दिशेनें चालला आहे. येथें माणूस चढतो: पाठीमागें प्रभावळ, पायांखालीं ढग, बाजूस गुरगुरणारा वाघ. विस्कटलेल्या केसांच्या मुलास आई ‘काय हा अवतार!’ म्हणते, तेव्हां तिच्या तोंडीं या शब्दाचा अर्थ ‘जसा आहे तसा उघडा पडलेला माणूस’ असा असतो. तो अर्थ फलकांस परका आहे.

साधनाचें थोडें वर्णन येथें अवश्य आहे. थॉमस व जॉन नोल या बंधूंनीं रचलेली ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली ॲडोबी कंपनीनें १९९० सालीं बाजारांत आणिली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत तींत ‘लेअर’ म्हणजे थर आले, आणि या कलेस खरा हात मिळाला. एका कांचेवर चेहरा, दुसरीवर सदरा, तिसरीवर आकाश, चवथीवर अक्षरें काढून त्या कांचा एकीवर एक ठेवाव्या, तसा हा प्रकार आहे. वरची कांच उचलली तरी खालच्या चित्रास ओरखडाहि पडत नाहीं. ‘गिंप’सारख्या आज्ञावल्या तर फुकट मिळतात. कारागीर मोबाइलवर आलेला फोटो घेतो, मागची भिंत कापतो, गालांवरचे डाग पुसतो, रंग उजळतो, आधींच तयार असलेल्या नक्षींत चेहरा बसवितो आणि फ्लेक्सवर छापून चौरस फुटाच्या दरानें देतो. गिऱ्हाईक पुढ्यांत उभें असल्यानें सर्व घाईंत चालतें. तरी त्याच्या हाताची सफाई अनेकदां कौतुक करावें अशी असते, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों.

दोष सफाईंत नाहीं, दृष्टींत आहे. सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी म्हण आहे. फलकानें ती खोटी पाडली. ज्याच्या बोटांत चांदीची मुदीहि नाहीं, त्याच्या गळ्यांत येथें बोटाएवढी जाड सोनसाखळी येते. उन्हांत कापूस वेंचून रापलेला तरुण पिठासारखा पांढरा होऊन हात जोडतो. सर्वच चेहरे सारखे गुळगुळीत झाल्यानें कोण कोणता हें कळण्यास खालचीं नांवें वाचावीं लागतात. आणि नांवें तर वाचवत नाहींत, कारण पिवळ्यावर लाल अक्षर, त्यास निळी किनार आणि वर पुन्हां सावली!

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं याच जिल्ह्यांतील जांब येथें झाला. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत त्यांनीं आत्मस्तुति मूर्खलक्षणांत घातली, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनीं लेखनक्रियेस दिला आहे, याचें स्मरण थोड्यांस राहतें. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, काने-मात्रा नीट असाव्या, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्व लेखन एकाच टांकाचें वाटावें आणि पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, असें तेथें सांगितलें आहे. कोरी जागा ही उधळपट्टी नव्हे, तो वाचणाऱ्यास दिलेला मान आहे, हें त्या समासावरून आम्ही समजतों. त्यांच्या जिल्ह्यांतील फलकांवर आज बोटभर जागा कोरी सांपडत नाहीं.

तथापि प्रतिमा बदलणें हेंच पाप, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. गोदेच्या कांठच्या पैठणच्या नांवानें ओळखलीं जाणारीं चित्रकथींचीं जुनीं चित्रें पाहावीं. बाजूनें दिसणारा चेहरा, मोठा डोळा, ठसठशीत रेघ. त्यांतील राम-रावण कोणा एका माणसावरून काढलेले नाहींत. तीं ठरीव रूपें कथेच्या सेवेस होतीं. पूर्वींचे छायाचित्रकारहि रंगविलेल्या पडद्यापुढें माणसास बसवीत आणि कांचेवर पेन्सिलीनें सुरकुत्या बुजवीत. संस्कार कोणत्या प्रतिमेस लागत नाहीं? प्रश्न इतकाच कीं, तो कोणाच्या सेवेस लागतो.

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका दुकानांत मिळालें. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील वारले. अंबड तालुक्यांतील गांव, थोडी मोसंबी, थोडा कापूस. त्यांचा फोटो म्हणावा तर ओळखपत्रावरचा अंधुक चौकोन आणि एका लग्नाच्या समूहचित्रांत कडेला उभा असलेला टोपीवाला चेहरा, एवढेंच. तेराव्यास तसबीर हवी होती, म्हणून आम्ही मुलाबरोबर गेलों. कारागिरानें समूहचित्रांतून चेहरा अलगद सोडविला. टोपी आणि चुरगळलेला सदरा पाहून ‘कोट घाला’ असें आम्हींच सुचविलें. काळा कोट आला, निळें आकाश आलें, टोपी आणि सुरकुत्या गेल्या. आम्हांस चित्र भारदस्त वाटलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. आपल्या प्राध्यापकांपुढें तो काय बोलणार? दुसऱ्या दिवशीं त्यानें खालीं मान घालून सांगितलें कीं, मोबाइलवर तें चित्र पाहून आजी म्हणाली, “ह्यो कोन सायेब? माजं लेकरू कुठंय ह्याच्यात?”

आम्ही पुन्हां दुकानांत गेलों. “सर, खालचा फोटो मी ठेवलाच होता,” कारागीर म्हणाला, आणि त्यानें कोटाचा थर उचलला. खालीं सदरा होता, टोपी होती, कपाळावरच्या आठ्या होत्या. त्यानें अंधुक पडलेलें तेवढें उजळलें, दुसऱ्या कोणाचा खांद्यावर आलेला हात काढला, मागें साधा करडा रंग ठेवला आणि हात आंवरला. तसबीर घरीं गेली तेव्हां म्हातारीनें कांचेवरून, गालावरून फिरवावा तसा, हात फिरविला.

माणूस कोट घातल्याखेरीज चित्रांत येण्यास योग्य होत नाहीं, ही समजूत कारागिराची नव्हती. ती आमची, इंग्रजी शिकलेल्यांची होती. फलकांवरील साखळीस आणि गोरेपणास आम्ही वर हंसलों खरे, पण आहे तो माणूस पुरेसा नाहीं ही शिकवण त्या तरुणांस कोणीं दिली, याचा विचार आम्हीं तोंवर केला नव्हता. तेव्हां या कलेची परीक्षा आमच्या मतें अशी: जो संस्कार ओळखीच्या माणसास अधिक ओळखीचा करतो तो कलेचा, आणि जो घरच्यांस ‘हा कोण?’ असें विचारावयास लावतो तो सोंगाचा.

शब्द टंकितांच चेहरा उभा करणारीं यंत्रें आतां आलीं आहेत. त्यांस मूळ फोटो लागतोच असें नाहीं. त्यांच्याविषयीं आमची भीति एवढीच आहे कीं, उद्यां एखाद्या म्हातारीनें तोच प्रश्न विचारला आणि आम्हीं कोटाचा थर उचलला, तर खालीं कोणीच सांपडणार नाहीं.